१९ डॉलर ९५ सेंटची बंदूक

डॅलस म्हणजे फक्त ऑनसाइट, मॉल आणि वीकएंडचं ग्रोसरी शॉपिंग नव्हे. तिथे एक खिडकी आहे, एक गॅरेज आहे आणि एक जुनी इटालियन रायफल आहे. तिघांची ही सफर...

ऑनसाइटची लॉटरी लागली आणि तिकिटावर न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्कोऐवजी डॅलस आलं, की ऑफिसातली मंडळी अभिनंदन करता करता थोडी हळहळतातच. समुद्र नाही, डोंगर नाही. आहेत ते फ्लायओव्हर, पार्किंग लॉट आणि उन्हाळ्यात चाळिशी गाठणारा पारा. अर्व्हिंगच्या पटेल ब्रदर्समध्ये बाकरवडी मिळते, एकता मंदिरात दर्शन होतं, मंडळाच्या गणपतीत ढोल वाजतात आणि उरलेल्या वीकएंडला मॉल. बहुतेक जण दोन-तीन वर्षं अशीच काढतात आणि 'डॅलसमध्ये बघण्यासारखं काही नाही बुवा' असं सांगत परत येतात.

चूक! डॅलसमध्ये बघण्यासारखी एक खिडकी आहे. त्या खिडकीतून जगातली सगळ्यात बदनाम बंदूक चालली. आणि गंमत म्हणजे, त्या बंदुकीच्या जुळ्या बहिणी आजही आसपासच्या घरांमध्ये, गॅरेजमध्ये, तेलपाणी करून जपलेल्या सापडतात.

सहावा मजला

डार्टची ट्रेन पकडायची आणि वेस्ट एंडला उतरायचं. तिथून चालत काही मिनिटांवर डीली प्लाझा. लाल विटांची सात मजली इमारत दिसते, ती एके काळची शाळेच्या पुस्तकांची वखार. २२ नोव्हेंबर १९६३ ला दुपारी साडेबाराला राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींची उघडी गाडी या इमारतीसमोरून जात होती आणि सहाव्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खिडकीतून ली हार्वे ऑस्वाल्डने गोळ्या झाडल्या. त्याच मजल्यावर १९८९ पासून म्युझियम आहे. ती कोपऱ्यातली जागा काचेआड, खोक्यांच्या थप्प्यांसकट तशीच मांडून ठेवलीय.

शेजारच्या खिडकीतून खाली बघा. एल्म स्ट्रीटवर पांढरी फुली दिसेल. तिथे केनेडींना गोळी लागली. सिग्नल पडला की पर्यटक रस्त्यात पळत जातात, फुलीवर उभं राहून फोटो काढतात आणि गाड्या यायच्या आत परत धूम ठोकतात. बघताना पोटात कसंतरी होतं, पण सगळेच हे करतात.

या सगळ्यात एक गोष्ट डोक्यात घर करते. ती म्हणजे बंदुकीची किंमत. ऑस्वाल्डने मार्च १९६३ मध्ये 'ए. हायडेल' या खोट्या नावाने मासिकातलं कुपन भरलं आणि शिकागोच्या एका दुकानातून पोस्टाने ही रायफल मागवली. दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट, वर दीड डॉलर पोस्टेज. बास! ना ओळखपत्र, ना चौकशी. आपण ऑनलाइन टी-शर्ट मागवतो, तशी पोस्टाने रायफल. (खरी बंदूक इथे नाही, ती वॉशिंग्टनजवळ राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात आहे.)

टर्नी ते टेक्सस

ही रायफल आली कुठून? इटलीतून. तिचं नाव कारकानो. ट्यूरिनच्या लष्करी कारखान्यातले तंत्रज्ञ साल्वातोरे कारकानो यांच्यावरून हे नाव पडलं. इटालियन सैन्याने १८९१ चं मॉडेल म्हणून ती स्वीकारली आणि दोन्ही महायुद्धं तिच्यावरच काढली. काडतूस ६.५ मिलिमीटरचं. एका धातूच्या क्लिपमध्ये सहा काडतुसं बसतात. क्लिपसकट ती रायफलमध्ये सरकवायची. शेवटचं काडतूस नळीत गेलं की रिकामी क्लिप खालच्या भोकातून टपकन पडते. ही चिमुकली क्लिप नसेल तर एवढी मोठी रायफल एका वेळी एकच काडतूस घेते.

१९३८ मध्ये इटलीने काडतूस बदलून ७.३५ मिलिमीटरचं करायचं ठरवलं. तेवढ्यात महायुद्ध आलं. दोन-दोन मापांचा पुरवठा झेपेना, म्हणून १९४० मध्ये गपचूप परत ६.५ वर. आपल्याकडे नवीन सॉफ्टवेअर आणून महिनाभरात जुन्यावर परत जातात ना, तसंच. ऑस्वाल्डची रायफल त्याच १९४० सालातली, टर्नी गावच्या सरकारी कारखान्यातली.

युद्ध संपलं. इटलीकडे या रायफलींचे ढीग पडले. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस आणि साठीच्या सुरुवातीला अमेरिकन व्यापाऱ्यांनी त्या कवडीमोलाने उचलल्या आणि जाहिराती करून विकल्या. स्वस्त, हरलेल्या सैन्याच्या, त्यात १९६३ चा डाग. 'कारकानो म्हणजे भंगार, तिचा नेम लागतच नाही' हा समज तेव्हापासून पक्का झाला. खरं तर लष्कराच्या तज्ज्ञांनी ऑस्वाल्डची रायफल तपासून तिचा नेम चांगला असल्याचं वॉरन आयोगाला सांगितलं होतं. पण समज एकदा बसला की बसला.

काकांचं गॅरेज

आमच्या टेस्टिंग टीममध्ये एक साठीचे टेक्सन गृहस्थ होते. शांत, मिश्कील, डब्यात रोज तेच टर्की सँडविच. आम्ही मराठी पोरं आपापसात त्यांना 'काका' म्हणायचो. डीली प्लाझा बघून आल्यावर मी सोमवारी कॉफी मशीनपाशी त्या १९ डॉलरच्या बंदुकीचा विषय काढला. काकांचे डोळे चमकले. "माझ्याकडे तीन आहेत," ते म्हणाले. "शनिवारी ये घरी."

गॅरेजचं शटर वर गेलं तेव्हा वाटलं, पुण्यात जुनी जावा किंवा येझदी दुरुस्त करणाऱ्या एखाद्या वेड्याच्या वर्कशॉपमध्ये आलोय. तोच तेलाचा वास, तीच भिंतीवर ओळीने टांगलेली हत्यारं, तीच लेबलं लावलेल्या डब्यांची रांग. फरक एवढाच की कोपऱ्यात माणसाच्या उंचीची लोखंडी तिजोरी होती आणि दारूचे डबे वेगळ्या कपाटात, वेगळ्या कुलपात.

काकांनी तिजोरीतून एक रायफल काढली. आधी बोल्ट मागे ओढून ती रिकामी असल्याचं स्वतः बघितलं, मग मला दाखवलं, मग परत बघितलं. नळीवर मुकुटाचा शिक्का, खाली 'टर्नी', १९४१, आणि शेजारी रोमन आकड्यात १९. हे १९ कशाचं? तर मुसोलिनीच्या कॅलेंडरचं! तो १९२२ मध्ये सत्तेवर आला, तिथून त्याने नवीन वर्षगणना सुरू केली होती. त्याचं कॅलेंडर केव्हाच बुडालं, बंदुकीवर मात्र अजून आहे.

"घे," काकांनी ती पुढे केली. मी हात मागे घेतला. तुम्हीही हे लक्षात ठेवा मंडळी. अमेरिकेत वर्क व्हिसावर असलेल्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. काही मोजके अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे शिकारीचा परवाना. एका हरणासाठी कोण कटकट करणार? मी नुसता बघ्या झालो. काका हसले. "नियम पाळणारा माणूस आवडतो मला."

दारू मोजून!

काकांचा खरा छंद बंदूक नव्हे, तिचं काडतूस. याला म्हणतात हँडलोडिंग, म्हणजे घरच्या घरी काडतूस भरणं. याची गरज पडते, कारण युद्धाच्या काळातली इटालियन काडतुसं आता फार जुनी झाली. काहींच्या पितळाला तडे गेलेत, काही वेळेवर पेटत नाहीत आणि पेटली तर नळीला गंज आणणारा थर ठेवून जातात. नवीन काडतुसं मिळतात, पण त्यात एक भानगड आहे. ती पुढे सांगतो.

आपण बोलताना अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो. पण काडतुसात चार गोष्टी असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि पुढे उडून जाणारी खरी गोळी. गोळी झाडली की टोपी, दारू आणि गोळी जातात, पुंगळी उरते. ती जपून वापरली तर अनेकदा भरता येते.

काका आधी वापरलेल्या पुंगळ्या भरड भुश्यात घोळवून लखलखीत करतात. मग प्रेसमध्ये घालून, डायमधून दाबून मूळ मापावर आणतात, कारण बार उडाला की पितळ फुगतं. जुनी टोपी निघते, पुंगळीची लांबी तपासली जाते, जास्त असेल तर छाटली जाते. मग नवी टोपी. आणि मग सगळ्यात नाजूक काम, दारू. (हो, इथेही 'दारू मोजूनच घ्यावी' हेच खरं.) तिचं माप ग्रेनमध्ये असतं. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. आपल्या सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मं! काटा स्थिर होईपर्यंत काका बोलत नाहीत, फोन उचलत नाहीत, रेडिओसुद्धा बंद. प्रमाण छापील पुस्तकातूनच घ्यायचं, मनाने वाढवायचं नाही. चुकून दोनदा दारू पडली तर नळीच फुटायची, आणि तेही नेम धरणाऱ्याच्या गालापाशी. म्हणून भरलेल्या सगळ्या पुंगळ्या ओळीने लावून वरून टॉर्च मारून दारूची पातळी बघायची. शेवटी गोळी बसवायची आणि डब्यावर तारीख, माप, सगळं लिहायचं.

मला आमच्या रिलीजच्या आधीची चेकलिस्ट आठवली. मनात म्हटलं, काकांनी टेस्टिंगमध्ये असणं काही योगायोग नाही!

ताट आणि पुरी

आता ती भानगड. ६.५ मिलिमीटरच्या जगातल्या बहुतेक रायफलींची गोळी असते .२६४ इंच व्यासाची. कारकानोच्या नळीला मात्र हवी असते .२६८ इंचाची. फरक किती? चार हजारांश इंच, म्हणजे साधारण एक दशांश मिलिमीटर. डोळ्याला दिसतही नाही. इंजिनीअरिंगच्या फर्स्ट इयरला व्हर्नियर कॅलिपर धरून जर्नल पूर्ण केलेलं आठवतंय? काकांनी तेच कॅलिपर माझ्या हातात दिलं आणि दोन सुट्या गोळ्या स्वतः धरून त्यांची मापं मला वाचायला लावली. एक .२६४, दुसरी .२६८.

आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच तयार काडतुसांमध्ये बारीक गोळी असते. ती नळीतल्या पिळाला नीट चिकटत नाही, मग वाकडीतिकडी जाते. लोक म्हणतात, बंदूक भंगार.

रविवारी रेंजवर गेलो. पिवळ्या रेषेमागे, कानांवर मोठे मफ चढवून मी बसलो. शंभर यार्डांवर कागद. काकांनी आधी पाच गोळ्या बारीक मापाच्या झाडल्या. दुर्बिणीतून बघितलं तर भोकं जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत पसरलेली. मग नवा कागद लावला आणि घरी भरलेल्या पाच, .२६८ च्या. या वेळी सगळी भोकं एका पुरीत मावतील अशी. तीच बंदूक, तोच माणूस, तीच सकाळ.

"साठ वर्षं लोक हिला शिव्या देतात," काका म्हणाले, "पण हिचं माप कुणी घेतलं नाही."

कबूल करतो, त्या क्षणी मला ती रायफल आवडली.

केरन कुठे आहे?

जेवताना मी काकांना एक गोष्ट सांगितली. ही त्यांना माहीत नव्हती. ही बंदूक आम्हा मराठी माणसांना अगदीच अनोळखी नाही. फेब्रुवारी-मार्च १९४१ मध्ये आफ्रिकेत एरिट्रियातल्या केरनच्या डोंगरांवर इटालियन सैन्य मोर्चे लावून बसलं होतं. त्यांच्यावर खालून चढून जाणाऱ्यांमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही होत्या. सातारा, रत्नागिरी, कुलाबा अशा भागांतली पोरं. समोरच्या इटालियन शिपायाच्या हातात हीच ६.५ ची कारकानो. २७ मार्चला केरन पडलं. 'केरन' हा आजही मराठा रेजिमेंटचा रणसन्मान आहे.

काकांनी चमचा खाली ठेवला. उठून अ‍ॅटलास आणला, केरन शोधलं, बोट ठेवलं. मग म्हणाले, "माझी रायफल १९४१ ची आहे. ती तिथे नसणार. पण तिच्या बहिणी असतील." थोड्या वेळाने परत, "हिच्या नळीसमोर कुणी उभं होतं का, हे मला कधीच कळणार नाही. म्हणून मी कागदाशिवाय कशावर नेम धरत नाही. हरणावरही नाही."

काकांना रिटायर झाल्यावर टर्नी बघायला इटलीत जायचंय. मी त्यांच्या यादीत अजून एक गाव घातलं, मोंतोने. टर्नीच्याच उम्ब्रिया प्रांतातलं. १० जुलै १९४४ ला तिथल्या टायबरच्या खोऱ्यात जर्मनांशी लढताना नाईक यशवंत घाडगे पडले. रायगडच्या माणगाव तालुक्यातले, वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलै २०२३ मध्ये मोंतोनेच्या गावकऱ्यांनी त्यांच्या नावाने स्मारक उभारलं, सूर्यघड्याळाच्या रूपात. बंदूक घडली त्याच प्रांतात आपला एक पोरगा कायमचा राहिला.

गॅरेजबाहेर

इथे थांबलो असतो तर हा एका भन्नाट छंदाचा लेख झाला असता. पण डॅलस थांबू देत नाही.

शहराच्या उत्तरेला अ‍ॅलन नावाचं उपनगर आहे. तिथला आउटलेट मॉल आपल्या लोकांचा फार लाडका. भारतात जायच्या आधी बॅगा, बूट, घड्याळं, सगळं तिथून. ६ मे २०२३, शनिवारची दुपार. एक माणूस एआर-१५ पद्धतीची रायफल घेऊन गाडीतून उतरला आणि त्याने ८ जणांना मारलं. त्यात लहान मुलं होती. भारतातून आलेली एक तरुण इंजिनीअरही होती. तुमच्या-माझ्यासारखीच, वीकएंडला शॉपिंगला गेलेली. त्या रात्री डॅलसमधल्या प्रत्येक मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता, 'सगळे घरी आहात ना?'

कायद्याचं काय? केनेडी, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर १९६८ मध्ये अमेरिकेने पोस्टाने बंदूक मागवणं सामान्य गिऱ्हाइकासाठी बंद केलं. पण दुकानाऐवजी दोन खासगी माणसांमध्ये व्यवहार झाला, तर टेक्ससमध्ये आजही पार्श्वभूमी तपासायची सक्ती नाही. २०२१ पासून तर परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येतं. आणि ५० वर्षांहून जुन्या बंदुकांच्या संग्राहकांसाठी तीन वर्षांचं ३० डॉलरचं लायसन्स असतं. ते असलं की जुनी कारकानो पुन्हा घरपोच! काकांकडे ते लायसन्स आहे. त्यांना यातला विरोधाभास मी सांगायची गरज नव्हती.

आपल्याकडे चित्र पार उलटं. १८६९ पासून पुण्यात खडकीला काडतुसं बनतात, पण खडकी स्टेशनवरून रोज लोकल पकडणाऱ्या माणसाने आयुष्यात एकही काडतूस जवळून बघितलेलं नसतं. परवान्यासाठी पोलिसांकडे खेटे घालायचे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे फार तर दोनच हत्यारं. अमेरिकेत जायच्या आधी मला हे सगळं जाचक वाटायचं. आता नाही वाटत.

अ‍ॅलननंतरच्या सोमवारी काका ऑफिसात माझ्या डेस्कपाशी आले. काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "एका बंदुकीमागे मी किती वेळा बघतो, तपासतो, लिहून ठेवतो, हे तू पाहिलंस. हे सगळं मला कुणी करायला लावत नाही. मी करतो म्हणून होतं."

मला वाटतं, खरं दुखणं हेच आहे. काकांच्या गॅरेजमध्ये दारूचा दाणा अन् दाणा मोजला जातो. दशांश मिलिमीटरसाठी वाद होतो. पण ही काळजी त्या माणसाची आहे, त्याच्या शहराची नाही. असा एक माणूस असला म्हणून गॅरेजबाहेरचं गाव सुरक्षित होत नाही. डीली प्लाझाच्या त्या खिडकीतून खाली बघताना म्हणूनच बंदूक चांगली होती की भंगार, हा प्रश्न मला बिनमहत्त्वाचा वाटायला लागलाय. ती किती सहज हातात आली, हा खरा प्रश्न. १९ डॉलर ९५ सेंट, वर दीड डॉलर पोस्टेज.

डॅलसला गेलात तर...

• सिक्स्थ फ्लोअर म्युझियमला निदान अर्धा दिवस द्या. ऑडिओ गाइड घ्याच.

• एल्म स्ट्रीटवरच्या फुलीवर उभं राहू नका. रस्ता चालू असतो.

• ऑस्वाल्ड जिथे पकडला गेला, ते ओक क्लिफमधलं टेक्सस थिएटर अजून चालू आहे. तिथे पिक्चर टाका.

• कुणी रेंजवर बोलावलं तर जरूर जा, पण व्हिसाचा नियम आधी तपासा. बघ्याची भूमिका सगळ्यात सेफ!

• सूव्हेनिअर म्हणून काडतूस बॅगेत टाकायचा मोह टाळा. भारतात एअरपोर्टवर जिवंत काडतूस सापडलं तर आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा नोंदवला जातो. रिकामी पुंगळीही नकोच. उगाच चौकशीचा फेरा मागे लागायचा.

• आणि माणगावला कधी गेलात, तर तहसील कचेरीपाशी यशवंत घाडगेंचा पुतळा आहे. तिथे दोन मिनिटं थांबा.